लोकरीचे क्लँगर्स आणि त्यांची शिट्टी

श्रोतेहो, नमस्कार. जुन्या लाडक्या व्यक्तिरेखांना घेऊन नव्या बालमालिका काढण्याचे प्रयत्न आज अनेक देशांत चालू आहेत. त्यांत बहुधा पात्राचा चेहरा तेवढा राखला जातो आणि ते पात्र ज्या रीतीने घडले ती रीत खर्चाच्या हिशेबात सोडून दिली जाते. ब्रिटनमधील ‘क्लँगर्स’ या मालिकेच्या बाबतीत तसे झाले नाही, म्हणून तिच्याविषयी बोलायचे आहे.

माणसाने चंद्रावर पाऊल ठेवले त्यानंतर चार महिन्यांनी, नोव्हेंबर १९६९ मध्ये, ही मालिका बीबीसीवर सुरू झाली. दूरच्या एका चिमुकल्या ग्रहाच्या पोटात राहणारे लांब नाकाचे गुलाबी जीव, त्यांना सूप पुरवणारी ड्रॅगन, संगीताची झाडे, लोखंडी कोंबडी असे ते जग होते. ऑलिव्हर पोस्टगेट आणि पीटर फर्मिन यांनी ते केंट परगण्यात, फर्मिन यांच्या शेतावर उभे केले. बाहुल्या आणि देखावे फर्मिन यांचे, विणकाम त्यांच्या पत्नी जोन यांचे. आणि बाहुली किंचित हलवायची, एक चित्र टिपायचे, पुन्हा हलवायची, हे चिकाटीचे काम पोस्टगेट यांचे. निवेदनही तेच करीत.

आपण रेडिओचे श्रोते, म्हणून आवाजाविषयी थोडे अधिक सांगतो. क्लँगर्स शब्द उच्चारत नाहीत, शिट्टीत बोलतात. पण ती शिट्टी मनाला येईल तशी वाजवलेली नसे. संवाद आधी इंग्रजीत पूर्ण लिहिले जात आणि मग, दांडा सरकवून सूर वरखाली करता येणाऱ्या शिट्टीवर, बोलण्यातल्या सगळ्या चढउतारांसह वाजवले जात. लिहिलेल्या एका संवादात अपशब्द आहे म्हणून बीबीसीकडून हरकतही आली होती, जरी प्रेक्षकांच्या कानी पडणार होती ती केवळ शिट्टी! लहान मूल रुसवा, कुतूहल आणि घाई शब्दांवाचून ओळखते, हा विश्वास त्या सुरांमागे होता.

२०१५ मध्ये सीबीबीज या बालवाहिनीवर क्लँगर्स परतले, तेव्हा ऑलिव्हर हयात नव्हते. त्यांचे पुत्र डॅनियल पोस्टगेट लेखनाला होते आणि ऐंशी ओलांडलेले फर्मिनही सोबत होते. कॅमेरे बदलले, बाहुल्यांच्या आतले सांगाडे सुधारले, निवेदन मायकेल पेलिन यांच्याकडे आले. अमेरिकेसाठी ते विल्यम शॅटनर यांनी केले. मात्र संगणकावर झटपट चित्रे घडवण्याची सोय हाताशी असताना अंगावरची लोकर खरी राहिली, एकेक चित्र टिपणे चालू राहिले आणि शिट्टीच्या जागी शब्द आले नाहीत. या शेवटच्या निर्णयाला माझ्या मते सर्वांत मोठे धैर्य लागले असेल, कारण आजच्या मुलांना सतत बोलणारी पात्रेच हवीत असे समजून चालणारे पुष्कळ आहेत. त्याच वर्षी मालिकेला बाल विभागातला बाफ्टा पुरस्कार मिळाला.

आपल्याकडे चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांच्या ‘चिंटू’ने १९९१ पासून मराठी घरांत जागा मिळवली. उद्या कोणी त्याची ॲनिमेशन मालिका करायला घेतली, तर पंडितांची ती साधी, मोकळी रेषा आणि दोन-चार चौकटींत संपणारा प्रसंगाचा आटोपशीरपणा यांना हात लावू नये, एवढी माझी त्यांना आग्रहाची विनंती राहील. नमस्कार.