परतीची खुर्ची

(निवेदन)

५ जून २०२४. फ्लोरिडाहून बोइंग कंपनीचं स्टारलायनर हे अवकाशयान झेपावलं. माणसांना घेऊन जाणारं हे त्याचं पहिलंच उड्डाण. आत नासाचे अंतराळवीर बुच विल्मोर आणि सुनीता विल्यम्स. मुक्काम साधारण आठ दिवसांचा.

अवकाश स्थानकावर लघवीपासून पाणी मिळवणाऱ्या यंत्रणेचा पंप बिघडला होता. नवा पंप न्यायला जागा हवी, म्हणून या दोघांच्या कपड्यांच्या बॅगा ऐनवेळी यानातून काढून ठेवल्या. आठवडाभर काय, स्थानकावरच्या राखीव कपड्यांवर भागलं असतं. त्यांचे स्वतःचे कपडे वर पोचले ते थेट ऑगस्टमध्ये, मालवाहू यानातून.

कारण स्थानक जवळ येत असतानाच यानाचे पाच थ्रस्टर, म्हणजे यान वळवणारी छोटी इंजिनं, बंद पडले होते. थ्रस्टरकडे इंधन ढकलणारा हेलियम वायू गळत होता. चार थ्रस्टर पुन्हा चालू झाले, यान स्थानकाला जोडलंही गेलं. पण ते का बिघडले, याची खात्रीलायक उकल होईना. ऑगस्टच्या अखेरीस नासाने ठरवलं: स्टारलायनर रिकामंच खाली आणायचं. ते न्यू मेक्सिकोत व्यवस्थित उतरलं. तरीही निर्णय योग्यच होता. दोन माणसांचा जीव अंदाजावर सोडायचा नसतो.

अशा वेळी आपल्याला आधी काळजी वाटते ती अन्नाची, हवेची. ती सोय तिथे असते. खरी अडचण असते खुर्चीची. आग लागली, हवा गळू लागली, तर स्थानकावरच्या प्रत्येकाला तडक निघता आलं पाहिजे, आणि त्यासाठी यानात प्रत्येकाची जागा हवी.

डिसेंबर २०२२ मध्ये नासाचे अंतराळवीर फ्रँक रुबिओ यांच्या रशियन सोयुझ यानातला, यान थंड ठेवणारा द्रव गळून गेला, तेव्हाही हाच पेच होता. सोयुझच्या खुर्चीत प्रत्येकाच्या अंगाच्या मापाने घडवलेली बैठक असते. रुबिओंची बैठक तिथून उचलून स्पेसएक्स कंपनीच्या ड्रॅगन यानात नेऊन बसवली, नवं सोयुझ येईपर्यंत. सहा महिन्यांसाठी गेलेले रुबिओ ३७१ दिवसांनी परतले. आधीच वर्षभराचं विचारलं असतं, तर घरच्यांसाठी बहुधा नाही म्हणालो असतो, असं त्यांनी मोकळेपणाने सांगितलं.

सुनीता आणि बुच यांना तर काही आठवडे खुर्चीच नव्हती. संकट आलंच असतं, तर दुसऱ्या चौघांच्या ड्रॅगनमध्ये, त्यांच्या खुर्च्यांखाली, सामानाच्या जागेत फोमवर पट्ट्यांनी बांधून घेऊन यावं लागलं असतं.

सप्टेंबरअखेर नवं ड्रॅगन गेलं. चौघांऐवजी दोघंच घेऊन, दोन खुर्च्या मोकळ्या ठेवून. त्याच यानातून १८ मार्च २०२५ ला, २८६ दिवसांनी, दोघं समुद्रात उतरली.

त्या मोकळ्या खुर्च्या मुळात झीना कार्डमन आणि स्टेफनी विल्सन या अंतराळवीरांच्या होत्या. जगभर बातम्या झाल्या, त्यात ही नावं फारशी आली नाहीत. ती इथे घ्यायलाच हवीत. कार्डमन यांची तर ती पहिलीच अवकाशफेरी असणार होती. ऑगस्ट २०२५ मध्ये त्या दुसऱ्या ड्रॅगनच्या कमांडर म्हणून रवाना झाल्या.