पावसाचा माणूस: एलियाहू, मार इलियास आणि खिद्र

नमस्कार मंडळी. विषय मोठा आहे, ज्यू, ख्रिश्चन, मुसलमान आणि त्या तिघांचा तो एकच मुलूख, आणि या विषयावर बोलायला उभं राहिलं की माणूस जेरुसलेमपासून सुरुवात करतो आणि लढायांमध्येच वेळ संपतो. म्हणून मी आज एकाच माणसाचा धागा धरणार आहे, आणि तो माणूस आपल्या रायगडात अनोळखी नाही. एलियाहू हन्नाबी, म्हणजे ज्यूंचा संदेष्टा एलियाहू.

अलिबागला इस्राएल आळी आहे, तुमच्यापैकी बरेचजण तिथून गेले असाल. बेने इस्राएल, म्हणजे आपले कोकणातले ज्यू, त्यांची ती आळी. त्यांना कोकणात शनवार तेली म्हणायचे, शनिवारी घाणा बंद म्हणून. त्यांच्या घरी लग्न ठरलं, नवस फिटला, कुणी आजारातून उठलं की मलिदा करतात. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वरून बदाम-बेदाणे, कडेने केळी, खजूर अशी फळं मांडलेली, आणि त्या ताटाभोवती सगळे बसून एलियाहूचं हिब्रू गाणं म्हणतात, फळांवर प्रार्थना होते आणि मग प्रसाद वाटावा तसं ते वाटतात. एलियाहू रथातून कोकणात येऊन गेला अशी त्यांची श्रद्धा आहे, अलिबागजवळ खंडाळ्याच्या बाजूला एका खडकावर त्याच्या घोड्यांच्या टापांच्या खुणा दाखवतात. जगभरचे ज्यू एलियाहूला मानतात, पण नवसाला पावणारा, घरच्यासारखा एलियाहू इतक्या ठळकपणे मला तरी दुसरीकडे दिसला नाही, म्हणजे असं वाटायचं, जोपर्यंत मी त्याच्या मूळ गावाकडची माहिती वाचली नव्हती तोपर्यंत.

मूळ गोष्ट इसवी सनापूर्वी नवव्या शतकातली. इस्राएलच्या उत्तरेकडच्या राज्यात अहाब राजा, त्याची राणी ईजबेल, ती बाल या देवाची भक्त. एलियाहू, मराठी बायबलात एलीया, राजाला तोंडावर सांगतो की आता पाऊस पडणार नाही. मग दुष्काळ. तो ओढ्याकाठी लपतो, कावळे त्याला खायला आणून देतात, ओढाही आटतो तेव्हा तो सारफथला जातो, म्हणजे आजच्या लेबनॉनमध्ये. तिथे वेशीपाशी एक विधवा काटक्या गोळा करतेय. हा तिच्याकडे भाकरी मागतो. ती म्हणते, मडक्यात मूठभर पीठ आहे, कुपीत थोडं तेल, मी आणि माझा मुलगा तेवढं खाऊ आणि मग मरू. तरी ती आधी त्याला भाजून देते, आणि मग पाऊस येईपर्यंत ते पीठ सरत नाही, तेल आटत नाही. मला या गोष्टीत सगळ्यात महत्त्वाचं हे वाटतं की ती बाई एलियाहूच्या जातीची नाही, धर्माची नाही, उलट ज्या सीदोनहून राणी ईजबेल आली त्याच मुलखातली आहे. आणि संदेष्ट्याला जगवलं तिने.

पुढे कर्मेल डोंगरावर बालच्या ४५० पुजाऱ्यांशी सामना, तिथे तो त्यांना मारूनही टाकतो, ते झाकायचं कारण नाही. आणि त्यानंतर समुद्रावर तळहाताएवढा ढग दिसतो आणि पाऊस कोसळतो. शेवटी अग्नीच्या रथातून वर जातो, म्हणजे तो मेलाच नाही. म्हणून तर ज्यू लोक सुंतेच्या वेळी त्याच्यासाठी एक खुर्ची ठेवतात, वल्हांडण सणाच्या जेवणात त्याचा पेला भरून ठेवतात.

आता त्या प्रदेशाचं हवामान बघा. पाऊस साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबर ते एप्रिल, पुढे अख्खा उन्हाळा थेंब नाही. गहू, ऑलिव्ह, द्राक्षं, सगळं त्या पावसावर. तिथल्या शेतकऱ्याला पाऊस आणणारा माणूस आपला वाटणारच, मग तो शेतकरी सिनेगॉगला जात असो, चर्चला की मशिदीत. तिथल्या अरब ख्रिश्चनांचा तो मार इलियास, म्हणजे संत इलियास. कुराणात तो इलियास आहे, दोन सूऱ्यांमध्ये, म्हणजे अध्यायांमध्ये, त्याचं नाव येतं. पण सामान्य मुसलमान त्याला बहुतेक वेळा खिद्रबरोबर जोडतात. खिद्र म्हणजे हिरवा. तोही न मरणारा, वाट चुकलेल्याला भेटणारा. तुर्कस्तानात ६ मेला हिदरेल्लेझ नावाचा वसंताचा सण असतो, ते नावच मुळी खिद्र आणि इलियास मिळून झालंय. आणि ख्रिश्चनांचा सेंट जॉर्ज, घोड्यावरचा, तोही पॅलेस्टाइनमध्ये याच खिद्रशी एकजीव झालाय. पंडितांना ही सरमिसळ चालत नाही, पण आजारी मूल कडेवर घेऊन आलेल्या बाईला पंडितांचं काय.

बेथलेहेमजवळ अल-खादर नावाचं गाव आहे. वस्ती जवळजवळ सगळी मुसलमान, गावाचं नाव खिद्रवरून, आणि गावातलं देऊळ म्हणा ठाणं म्हणा ते ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्च, सेंट जॉर्जचं. तिथे एक लोखंडी साखळी आहे. वेड लागलेल्या माणसांना पूर्वी त्या साखळीने बांधून ठेवायचे, संत बरं करेल म्हणून. आज यात्रेकरू ती साखळी गळ्यातून घालून पायातून काढतात. मे महिन्यात जत्रा असते, ख्रिश्चन येतात, मुसलमानही येतात, नवसाची मेंढरं आणतात. आपल्याकडच्या दर्ग्यावर आणि माऊंट मेरीला जशी सगळ्या जातीधर्माची माणसं दिसतात तसंच, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

इस्राएलमधल्या हैफाला, कर्मेलच्या पायथ्याशी, समुद्राकडे तोंड केलेली एलियाहूची गुहा आहे. भिंतींवर जुने ग्रीक लेख कोरलेत. ज्यू, ख्रिश्चन, मुसलमान आणि द्रूझ नावाच्या तिथल्या छोट्या पंथाचे लोक, चौघेही तिथे यायचे, मनाच्या आजाराचे रुग्ण तिथे रात्री मुक्कामाला ठेवायचे. ऑटोमन तुर्कांच्या काळात ती मुसलमानांच्या ताब्यात होती, अल-खादर म्हणूनच, पण बाकीच्यांना मज्जाव नव्हता. १९४८ साली इस्राएल देश झाला, त्यानंतर ती ज्यूंकडे आली आणि आता सिनेगॉग आहे. इतरांना आजही कुणी अडवत नाही, पण एका धर्माची पुस्तकं, एका धर्माचा पडदा लागला की दुसऱ्याचे पाय आपोआप कमी होतात. मला याचं खरंच वाईट वाटतं. नवसाला आलेल्या माणसांनी मालकी विचारली नव्हती, ती विचारली राज्यांनी, आणि एकदा विचारली की मग कागद निघतात.

इस्राएलमधलं लोद हे गाव तर दुखरंच आहे. तिथे सेंट जॉर्जची कबर आहे असं मानतात, आणि तिच्यावरचं चर्च आणि मशीद एकमेकांना अगदी लागून, क्रुसेडरांच्या, म्हणजे धर्मयुद्धाला आलेल्या युरोपातल्या ख्रिश्चनांच्या, एकाच जुन्या चर्चच्या जागेवर. जुलै १९४८ मध्ये लोद आणि शेजारच्या रामलेतून ५० हजारांहून जास्त पॅलेस्टिनी घालवले गेले. रिकाम्या घरांत पुढे बाहेरून आलेले ज्यू राहिले, आणि त्यात आपले कोकणातले बेने इस्राएलही आले. बिचाऱ्यांना तिथेही सुख नव्हतं, तुम्ही खरे ज्यू कशावरून, तुमच्याशी लग्न लावायचं की नाही, असे प्रश्न तिथल्या धर्मपीठाने काढले, त्यांनी जेरुसलेमला धरणं धरलं, आणि १९६४ साली तिथल्या संसदेला सांगावं लागलं की हे पूर्ण ज्यू आहेत. म्हणजे एकाच लोदमध्ये घर गमावलेल्याची गोष्ट आहे आणि घर मिळूनही परका ठरलेल्याची आहे, आणि यातली एक सांगून दुसरी गाळायची हे मला जमत नाही.

मे २०२१ मध्ये याच लोदमध्ये दंगल झाली. सिनेगॉग जाळले, एक अरब माणूस गोळीने मेला, एक ज्यू माणूस डोक्यात दगड लागून काही दिवसांनी गेला. त्या ज्यू माणसाच्या घरच्यांनी त्याचे अवयव दिले. त्यातली एक किडनी जेरुसलेमच्या एका अरब ख्रिश्चन बाईला बसवली, ती कित्येक वर्षं वाट बघत होती.