बेडकांच्या टाकीतील माती

श्रोतेहो, नमस्कार. माशांच्या टाकीत जिवंत वनस्पती लावताना तळाशी कसदार माती घालतात, हे आपणांस ठाऊक आहे. परंतु त्याच टाकीत पाणबेडूक किंवा ॲक्सोलॉटल (कायम पाण्यात राहणारा, शेपटीचा उभयचर) राहणार असेल तर हिशेब बदलतो, कारण उभयचर प्राणी त्वचेवाटे पाणी घेतात आणि त्यात विरघळलेले बरेच काही त्यांच्या शरीरात उतरते. म्हणून माती आधी मुरवावी, मग टाकीत घालावी.

सदाशिव पेठेतील एका निवृत्त गृहस्थांची हकिकत मी नेहमी सांगतो. गच्चीवर गुलाब फुलवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. नातवाने आफ्रिकी क्लॉड फ्रॉग, म्हणजे नखे असलेले पाणबेडूक, पाळायचे ठरवले, तेव्हा आजोबांनी गुलाबांसाठी कालवलेली लाल माती आणि शेणखत टाकीच्या तळाशी पसरले. गच्चीवर बाग करणाऱ्यांना शेणखताने न सुटणारा प्रश्न जगात आढळतच नाही. दुसऱ्या दिवशी पाणी गढूळ झाले आणि घरभर वास सुटला. बेडूक अजून यायचे होते, हे नशीब. आजोबा माती टाकून द्यायला निघाले, तेव्हा आजी म्हणाल्या, “टाकता कशाला? कुरडयांचा गहू भिजवतो तशी भिजवा आणि रोज पाणी बदला.” मग घमेल्यात माती भिजली, वरचे पाणी गुलाबांना गेले, उन्हात माती वाळली आणि पुन्हा भिजली. गच्चीवर एकीकडे कुरडया, दुसरीकडे माती. वळवाचे ढग आले तेव्हा आधी काय उचलायचे यावरून जुंपलेला वाद साऱ्या इमारतीने ऐकला. कुरडया आधी उचलल्या गेल्या, हे सांगायला नको. पण आजींचा सल्ला शास्त्राला धरून होता, कारण भिजण्या-वाळण्याच्या फेऱ्यांत विरघळणारे क्षार निघून जातात आणि जिवाणू शेणखतातील अमोनियाचे नायट्रेट करतात.

आता थोडक्यात. आपल्याकडची काळी माती टाळावी. ती पाणी गढूळ करते, शिवाय तिच्यातील चुनखडीने पाण्याचा सामू (पीएच) वाढतो आणि सामू वाढला की अमोनिया अधिक घातक होतो. कोकणातील जांभ्याची माती लोहयुक्त, म्हणून मुळांना उपयोगी. क्लॉड फ्रॉग तळ उकरतात, म्हणून माती पसरट कुंड्यांत भरून वर बारीक वाळूचा थर द्यावा. खडी नको, भक्ष्याबरोबर ती गिळली जाते आणि आतड्यात अडकते. दुकानांतील निळे-गुलाबी खडे तर दिवाळीच्या किल्ल्यापुरतेच ठेवावेत. क्रिप्टोकोरिन आणि ॲमेझॉन स्वोर्ड या पाणवनस्पती मुळांवाटे पोसतात, त्यांनाच ही माती द्यावी. जावा फर्न आणि अनुबियास दगडाला बांधले तरी वाढतात.

कुंड्या ठेवल्यावर टाकी काही आठवडे प्राण्यांवाचून चालवावी आणि चाचणीत अमोनिया व नायट्राइट (अमोनियाचे नायट्रेट होताना मधल्या टप्प्यात तयार होणारे विषारी द्रव्य), पुन्हा सांगतो, दोन्ही शून्य येत राहिल्यावरच बेडूक आणावेत. नमस्कार.