हाबेल आणि ‘व्यर्थ’ : एका हिब्रू शब्दाची दोन मराठी रूपं

मंडळी, ज्यांच्या घरी मराठी बायबल आहे त्यांनी दोन जागा नक्की वाचलेल्या असतील. एक म्हणजे उत्पत्तीच्या अध्याय 4 मधली काइन आणि हाबेल या भावांची गोष्ट. दुसरी ‘उपदेशक’ या पुस्तकाची सुरुवात: ‘व्यर्थ हो व्यर्थ, सर्व काही व्यर्थ.’ या दोन जागांचा एकमेकींशी काही संबंध आहे, असं मराठीत वाचताना वाटण्याचं कारणच नाही. पण मूळ हिब्रू उघडलं की कळतं, त्या मुलाचं नाव आणि हा ‘व्यर्थ’, दोन्ही एकच शब्द आहेत. हे, बेत, लामेद, अशी तीन अक्षरं. उच्चार हेवेल.

आता तळहात तोंडासमोर धरा आणि हा शब्द एकदा म्हणा. हाताला जे लागलं ना, तोच त्याचा मूळ अर्थ. तोंडातून निघणारी वाफ, उच्छ्वास. पुढे तालमूदच्या, म्हणजे ज्यू धर्मपंडितांच्या चर्चांच्या ग्रंथाच्या, काळात तर हा शब्द सरळ स्वयंपाकघरात सापडतो. शब्बाथला, म्हणजे ज्यूंच्या आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवशी, चूल पेटवायची नाही, म्हणून आदल्या दिवशी शिजवलेलं भांडं गुंडाळून ठेवत. मग वाद असा की कशात गुंडाळावं? जैतुणाचा चोथा, शेण, मीठ, चुना, वाळू यांत ठेवू नये, कारण या वस्तू ‘हेवेल वाढवतात’, म्हणजे आतली ऊब, वाफ वाढवतात. त्या काळच्या बायकांना हेवेल म्हणजे काय हे समजून घ्यायला माझ्यासारख्याचं व्याख्यान लागलं नसतं.

मी या शब्दाच्या नादी लागलो तो एका अंत्यविधीमुळे. आमच्या नात्यातल्या एक बाई गेल्या. साठेक वर्षं घर, शेत, दोन दिरांची मुलं, सगळं त्यांनी ओढलं होतं. प्रार्थनेत ‘सर्व काही व्यर्थ’ वाचलं गेलं. बाहेर आल्यावर त्यांचा पुतण्या मला म्हणाला, “काका, म्हणजे काकूनं केलं ते वाया गेलं असं म्हणायचंय का यांना?” मला उत्तर देता आलं नाही. तोवर मी ते वाक्य शेकडो वेळा ऐकलं होतं आणि दर वेळी गंभीर चेहरा करून मान डोलावली होती.

‘व्यर्थ’ हा निकाल आहे, न्यायाधीशानं दिल्यासारखा. वाफ ही तुमच्यासमोर असलेली वस्तू आहे, तिच्याबद्दल निकाल अजून लागायचाय. मग हा निकाल आला कुठून? ज्यूंनी स्वतःच शास्त्राचं ग्रीक भाषांतर केलं, तेव्हा हेवेलसाठी निष्फळता या अर्थाचा शब्द घेतला. चौथ्या शतकाच्या अखेरीस बेथलेहेमात बसून जेरोम या ख्रिस्ती विद्वानानं या पुस्तकावर भाष्य लिहिलं. त्यात तो नोंदवतो की नंतरच्या ग्रीक भाषांतरकारांनी इथे ‘वाफ’ असाच शब्द वापरलाय, आणि आपल्यालाही ‘धुराची वाफ, चटकन विरणारी हलकी झुळूक’ असं म्हणता येईल. म्हणजे गृहस्थाला माहीत होतं! तरीही लॅटिन बायबलात त्यानं ‘वानितास’ ठेवलं, पोकळपणा. पुढे युरोपच्या कानात तोच शब्द बसला. मराठी ‘व्यर्थ’ याच घराण्यातला आहे असं माझं मत.

यात मराठी भाषांतरकारांना हिणवायचा हेतू नाही. मराठीचं आणि हिब्रूचं नातं आपल्याला वाटतं त्याहून जुनं आहे. कोकणातल्या बेने इस्राएलांना, म्हणजे तिथल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंना, उपयोगी पडावं म्हणून मिशनरी जॉन विल्सन यांनी मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं ते 1832 साली. पंडिता रमाबाई केडगावला उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलाचं भाषांतर करत बसल्या. 1922 मध्ये त्या गेल्या आणि ते छापून आलं 1924 मध्ये. हिब्रू शब्दाशी मराठीतून झटापट करणारे आपण काही पहिले नव्हे, एवढंच मला म्हणायचंय.

आता काइनकडे या. हव्वेला पहिला मुलगा होतो आणि ती म्हणते ‘कानीती’, म्हणजे ‘मी मिळवला’. त्यावरून काइन. शब्दांचा खेळ आहे तो, पण नावाला मिळकतीचा वास आहे. पुढे शेथ जन्मतो, त्याच्याही नावाचं कारण आई सांगते. मधल्याचं मात्र कुणी काही सांगत नाही. ‘मग तिनं त्याच्या भावाला, हेवेलला, जन्म दिला.’ संपलं. हिब्रू ऐकणाऱ्याला कारण सांगायची गरजच नव्हती. एका भावाचं नाव मिळकत आणि दुसऱ्याचं वाफ, म्हटल्यावर पुढचं कानाला आधीच कळतं.

या कथेत हाबेल एक शब्दही बोलत नाही, हे कधी लक्षात आलंय? काइन बोलतो, देव बोलतो. हाबेल मेंढरं राखतो, अर्पण आणतो आणि मरतो. ‘भाऊ’ हा शब्द मात्र या छोट्याशा गोष्टीत 7 वेळा येतो आणि सातही वेळा तो हाबेलसाठीच आहे. वाफेला आवाज फुटतो तो मेल्यावर: ‘तुझ्या भावाचं रक्त जमिनीतून माझ्याकडे ओरडतंय.’ तिथे ‘रक्त’ हा शब्द अनेकवचनी आहे. मिश्नाचे, म्हणजे तालमूदच्या मूळ संहितेचे, पंडित त्यावर म्हणाले, त्याचं रक्त आणि त्याच्या न जन्मलेल्या वंशाचंही. आणि ज्याचं नाव मिळकत, तो काइन जमीन गमावून भटक्या होतो. ‘नोद’ देशात राहतो म्हणे, आणि नोदचा अर्थच भटकणं. धरून ठेवणाऱ्याच्या हाती काही राहिलं नाही. गोष्ट लिहिणाऱ्यानं हे कुठे बोलून दाखवलेलं नाही, नावं ठेवली आणि तो गप्प बसला.

उपदेशकाला, म्हणजे कोहेलेतला, ही गोष्ट आठवत होती का? पुरावा मागाल तर देता येणार नाही, पण मला वाटतं, होती. कारण पुस्तकाची दुसरीच ओळ पाहा: ‘हवेल हवालीम आमार कोहेलेत, हवेल हवालीम हाक्कोल हावेल.’ आठ शब्दांत पाच वेळा हेवेल. ‘हवेल हवालीम’ ही हिब्रूतली पराकाष्ठा दाखवायची रीत आहे. ज्याला आपण परमपवित्रस्थान म्हणतो ते तिकडे ‘पवित्रांतलं पवित्र’, आणि गीतरत्न म्हणजे ‘गीतांतलं गीत’. तशी ही वाफांतली वाफ. आणि लगेच पुढच्या ओळीत प्रश्न: माणूस एवढे कष्ट करतो, त्यात ‘यित्रोन’ काय? हा शब्द बायबलात दुसरीकडे कुठेही नाही. मूळ धातू ‘उरणे’ असा. आपल्या दुकानदारी भाषेत सांगायचं तर शिल्लक. सगळी वजाबाकी करून वहीच्या तळाशी काय उरलं? पुन्हा तेच दोघे भाऊ आले, बघा. काइन शिल्लक विचारतोय आणि उत्तर म्हणून हाबेलचं नाव मिळतंय.

हेवेलला जोडून येणारा शब्दप्रयोग आहे ‘रेऊत रूआह’. रूआह म्हणजे वारा. रेऊतचा एक अर्थ राखणं, गुराख्यासारखं वळणं. गुरं वळतात तसा वारा वळायचा! मराठी बायबलात याचा ‘वायफळ उद्योग’ झालाय. वाईट नाही, पण आपल्याकडे ‘वाऱ्याची मोट बांधणं’ असताना तो वापरायचा मोह मला तरी आवरला नसता.

बायबलात हेवेल हा शब्द जितक्यांदा येतो, त्यातले निम्म्याहून जास्त वापर या एकट्या छोट्या पुस्तकात आहेत. ते सगळे एका अर्थात कोंबायला गेलात तर फसाल. अध्याय 8 मध्ये तो म्हणतो, सज्जनांच्या वाट्याला दुर्जनांचं फळ येतं, दुर्जनांच्या वाट्याला सज्जनांचं. हे हेवेल. इथे वाफ म्हणजे धुकं, ज्याच्यातून पलीकडचं दिसत नाही. अध्याय 4 मध्ये एक माणूस आहे, एकटा, ना मुलगा ना भाऊ, तरी राबतोय आणि विचारत नाही की कुणासाठी. हेही हेवेल, आणि इथे तो शब्द थंडगार आहे. अध्याय 2 मध्ये तर तो संतापून म्हणतो की मला जीवनाचा तिटकारा आला. यिर्मया हा संदेष्टा मूर्तींना हेवेल म्हणतो तेव्हा त्यात उघड तुच्छता आहे: ‘ते हेवेलच्या मागे गेले आणि स्वतःच हेवेल झाले.’ म्हणजे ‘व्यर्थ’ हा अर्थ कुणी हवेतून आणलेला नाही. तो या शब्दात आहेच, पण एका कोपऱ्यात.

आता दुसरा कोपरा. अध्याय 11 च्या शेवटी तो तरुणाला सांगतो, तारुण्यात आनंद कर, मनाला पटेल त्या वाटेनं जा, देव हिशेब मागेल तेवढं ध्यानात ठेव. का? कारण तारुण्य आणि काळे केस हेवेल आहेत. इथे ‘व्यर्थ’ घालून पाहा. ‘तारुण्य व्यर्थ आहे, म्हणून आनंद कर’, याला काही अर्थ लागतो का? ‘वाफ’ घाला, लगेच लागतो. अध्याय 9 मध्ये तर ‘तुझ्या हेवेल आयुष्याचे सगळे दिवस, जिच्यावर तुझं प्रेम आहे त्या बायकोबरोबर सुखानं जग’ असं आहे. त्याच्या आधी, भाकर आनंदानं खा, द्राक्षारस पी, कपडे शुभ्र असू देत, डोक्याला तेल असू दे. संसाराला कंटाळलेला माणूस डोक्याच्या तेलाची काळजी करत नाही.

आपल्याकडे हे ऐकलं की झटकन ‘माया’ आठवते. सभेनंतर कुणीतरी विचारणारच, म्हणून आत्ताच सांगतो. माया म्हटलं की जे दिसतं त्याच्या खरेपणावरच प्रश्न येतो. हेवेलला तो प्रश्न पडत नाही. वाफ खरी असते. चष्म्यावर बसते, हात भाजते, भात शिजवते. फक्त ती मुठीत येत नाही आणि डब्यात भरून उद्यासाठी ठेवता येत नाही. कोहेलेतचं दुखणं जगाच्या खोटेपणाचं नाही. जग खरं आहे, गोड आहे, आणि थांबत नाही, हे त्याचं दुखणं. म्हणून त्याचं अध्यात्म मला संन्यासाचं वाटत नाही. तो घर सोडायला कुठे सांगतो? मूठ सैल करायला सांगतो. त्याच्या लेखी भाकरीची चव, कामातलं समाधान हे ‘देवाचं देणं’ आहे, आणि देणं काइनच्या अर्थानं मिळवता येत नाही. ते फक्त घेता येतं.

ज्यू परंपरेनं हे ओळखलं असावं. अश्केनाझी, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातल्या परंपरेचे, ज्यू हे पुस्तक कधी वाचतात? सुक्कोथच्या सणातल्या शब्बाथला. या सणाचं दुसरं नाव ‘आमच्या आनंदाचा काळ’. त्या दिवसांत फांद्यापानांचं छप्पर घातलेल्या मांडवात बसायचं, छपरातून तारे दिसले पाहिजेत, पाऊस आला तर येईल. उद्या मोडायच्या घरात बसून जेवायचं आणि ‘हवेल हवालीम’ ऐकायचं. या पुस्तकासाठी दुःखाचा एखादा दिवस निवडणं किती सोपं होतं!

आणि विनोदही सोडला नाही त्यांनी. कोहेलेतवरच्या मिद्राशमध्ये, म्हणजे ज्यू पंडितांच्या जुन्या भाष्यात, ‘हवेल हवालीम’च्या त्या ओळीतले हेवेल मोजलेत, अनेकवचनाचे दोन धरून एकूण 7. मग माणसाच्या सात अवस्था लावल्यात. वर्षाचा असतो तेव्हा पालखीतल्या राजासारखा, सगळे पापे घेतात. दोन-तीन वर्षांचा झाला की डुकरासारखा गटारात हात घालतो. दहाव्या वर्षी करडासारखा उड्या मारतो. विसाव्या वर्षी नटून घोड्यासारखा खिंकाळतो, बायको हवी असते. लग्न झालं की गाढव. मुलं झाली की पोटासाठी कुत्र्यासारखा निर्लज्ज. म्हातारा झाला की माकड. हसताय, पण प्रत्येकानं आपापला प्राणी मनात ठरवलाय हे मला इथून दिसतंय.

मग भाषांतर काय करायचं? मी पुष्कळ खटपट केली. ‘वाफांची वाफ, सर्व काही वाफ’ असं लिहिलं तर देऊळही आठवत नाही आणि देवही, इडलीचं भांडं आठवतं. ‘श्वास’ म्हटलं तर तो फार सात्त्विक होतो, त्यातलं अप्रामाणिक धुकं निघून जातं. ‘क्षणभंगुर’ म्हटलं की कीर्तन सुरू होतं. ‘फुंकर’ मला त्यातल्या त्यात जवळचा वाटतो, कारण फुंकरीनं दिवा विझतो, चूलही पेटते, आणि लहान मुलाच्या खरचटलेल्या गुडघ्यावरही आपण तीच घालतो. पण उपासनेत उभं राहून ‘सर्व काही फुंकर’ वाचायचं धाडस माझ्यात नाही. त्यामुळे तिथे मी अजूनही ‘व्यर्थ’च वाचतो. आत मात्र दुसराच शब्द ऐकू येतो.

त्या पुतण्याला मी उत्तर दिलं ते बऱ्याच वर्षांनी, आणि तेही माझं नव्हतं. तालमूदच्या ‘शब्बाथ’ या भागात एक वाक्य आहे, रेश लाकीश या पंडिताच्या तोंडचं: शाळेतल्या लहान मुलांच्या तोंडच्या ‘हेवेल’वर जग टिकून आहे. हाच शब्द. पाठ म्हणताना मुलांच्या तोंडून निघणारी वाफ. त्यावर राव पापानं अबय्येला विचारलं, “मग माझ्या आणि तुझ्या हेवेलचं काय?” तेही विद्वान, तेही शास्त्रच म्हणत होते. अबय्ये म्हणाला, “पाप लागलेली वाफ आणि पाप न लागलेली वाफ सारखी कशी होईल?” आणि तिथेच पुढे नियम दिलाय: पोरांचा पाठ कशासाठीही थांबवायचा नाही, जेरुसलेमचं मंदिर बांधायचं असलं तरीही नाही.