सोळाव्या हिश्श्याचा पिप्पा

[दृश्य: गॅसच्या शेगडीवर लोखंडी पळी. आत वितळलेलं कथील.]

फोडणीच्या पळीत आज कथील आहे. भांड्यांना कल्हई करतात, तेच. 232 अंशाला ते पाण्यासारखं होतं. काका पळी तिरपी करतात, सिलिकॉनच्या साच्यात बारीक धार सोडतात आणि ओठातल्या ओठात वीसपर्यंत मोजतात. साचा उघडतो. रणगाड्याच्या पट्ट्याची एक कडी हातात येते, साडेबावीस मिलिमीटर रुंद, वजन चार ग्रॅम.

अशा 96 कड्या डाव्या पट्ट्याला, 96 उजव्या.

[दृश्य: सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्याची मागची पडवी. टेबलावर रणगाड्याचा सांगाडा.]

काका खडकीच्या एका वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झाले. नाव छापू नका म्हणाले, म्हणून काकाच. शेजारी बसलेली त्यांची पुतणी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गेले आठ महिने दोघं मिळून हा एकच रणगाडा करताहेत, खऱ्याच्या सोळाव्या हिश्श्याचं, रिमोटवर चालणारं मॉडेल. पीटी-76. मूळ सोव्हिएत बनावटीचा, तीन माणसांचा, 76 मिलिमीटर तोफेचा हलका रणगाडा. रस्त्यावर ताशी 44 किलोमीटर पळणारा आणि कोणतीही जोडणी न करता नदीत उतरून पोहणारा.

पुण्यात रणगाडा म्हटलं की पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचं नाव निघतं, तिच्या सेंच्युरियन रणगाड्यांचं निघतं. ते निघायलाच हवं. याच रेजिमेंटचे परमवीर चक्र विजेते अरुण खेत्रपाल यांचा ‘फामागुस्ता’ नावाचा रणगाडा अहिल्यानगरला जपून ठेवलेला आहे. पण रिमोटवर चालणाऱ्या मॉडेलच्या दुकानात गेलात, तर तिथे दुसऱ्या महायुद्धातले टायगर, पँथर, शर्मन, टी-34. आपल्या पलटणींनी ज्यात बसून 1971 ची लढाई केली, तो पीटी-76 त्या रांगेत दिसत नाही. काकांना हे लागतं. आम्हालाही लागलं, म्हणून हा कॅमेरा इथे आला.

[दृश्य: पुतणी एबीएस प्लॅस्टिकच्या पत्र्यावर सुरीनं रेघ मारते. पत्रा मोडल्याचा आवाज.]

खऱ्या गाडीची बॉडी 6.91 मीटर लांब. सोळानं भागलं की 43 सेंटिमीटर. रुंदी साडेएकोणीस. इथवर गणित शाळेतलं आहे. वजनाचं तसं नाही. लांबी सोळा पट कमी, रुंदी सोळा पट कमी, उंचीही सोळा पट कमी, म्हणजे वजन 4096 पट कमी व्हायला हवं. चौदा टनांचा रणगाडा साधारण तीन किलो चारशे ग्रॅमवर येतो. मॉडेल या आकड्यावर बसलं, तरच ते पाण्यात खऱ्या गाडीइतकं बुडेल. हलकं झालं तर बदकासारखं वर राहील, जड झालं तर आत पाणी घेईल.

नुसती शोकेसमध्ये ठेवायची वस्तू असती, तर वजन कुणी विचारलं नसतं.

[दृश्य: स्वयंपाकघरातला वजनकाटा. त्यावर एकेक वस्तू ठेवली जाते.]

कथिलाची निवड इथून आली. थ्रीडी प्रिंटरवर छापलेल्या प्लॅस्टिकच्या कड्या चिखलात तुटत होत्या, आणि गाडी हलकीही पडत होती. कथिलाच्या 192 कड्या मिळून पाऊण किलो भरतात, आणि ते सगळं वजन तळाशी. गाडी डुलत नाही. चाकं मात्र पोकळ ठेवली, कारण खऱ्या पीटी-76 चीही चाकं पोकळच, तरंगायला मदत व्हावी म्हणून. चिलखतही त्याच कारणानं पातळ. जाड पोलाद लावलं असतं, तर गाडी नदीत उतरलीच नसती.

दर कडीला दोन्हीकडे भोकं. हातातल्या छोट्या ड्रिलनं, एक मिलिमीटरची. मग त्यातून पोलादी तार. काकांच्या अंगठ्यावर ड्रिलच्या मुठीचा गोल वण उठलाय, तो जवळून बघा.

[दृश्य: मागून रणगाडा. दोन गोल नळ्या, त्यांवर झाकणं.]

ही या गाडीची खरी करामत. पोटाखालून पाणी आत ओढायचं आणि मागच्या दोन नळ्यांतून जोरात फेकायचं. सुकाणू नाही. डावीकडे वळायचं तर डाव्या नळीचं झाकण मिटायचं, अडलेलं पाणी बाजूच्या भोकातून पुढच्या दिशेला सुटतं आणि गाडी वळते. दोन्ही झाकणं मिटली की गाडी मागे येते. मॉडेलमध्ये ही झाकणं दोन छोटे सर्व्हो, म्हणजे रिमोटच्या इशाऱ्यावर ठरलेल्या कोनात फिरणाऱ्या मोटरी, उघडतात-मिटतात. आत फिरणारे पंखे पितळी, जुन्या बाजारातून आणलेल्या बुशिंगवर बसवलेले. दांड्याभोवती सिरिंजनं ग्रीस भरलंय, पाणी शिरू नये म्हणून. रिसिव्हरची तार टरेटच्या, म्हणजे तोफेच्या फिरत्या घुमटाच्या, छतापर्यंत वर घेतली आहे, कारण 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्याखाली पोचत नाहीत.

[दृश्य: वाड्यातला दगडी हौद. पहिली चाचणी.]

सुरुवातीचा अर्धा मिनिट छान गेला. मग पुतणीनं वेग वाढवला, नाक खाली गेलं, पाणी बॉडीवर चढलं.

“फळी! फळी उचलायची राहिली!”

गाडीच्या पुढच्या बाजूला एक घडीची फळी असते. पाण्यात उतरण्याआधी ती उभी करायची, म्हणजे लाट वर चढत नाही. खऱ्या गाडीचा हाच नियम, तोच मॉडेलला लागू पडला. गाडी बाहेर काढली, पालथी केली, रात्रभर पंख्याखाली वाळवली.

“काका, बॅटरी मागे घेऊ का?”

“घे. दोन बोटं. जास्त नको.”

[दृश्य: टेबलावर रंगवलेलं मॉडेल, खिडकीतला उजेड.]

जवानांनी या गाडीला नाव दिलं होतं पिप्पा. पंजाबीत पिप्पा म्हणजे तुपाचा रिकामा डबा, पाण्यात टाकला तरी न बुडणारा. आपलं पिंप कानाला जवळचंच. नोव्हेंबर 1971 मध्ये 45 कॅव्हलरी या रणगाडा रेजिमेंटचे पिप्पा 14 पंजाब या पायदळाच्या पलटणीबरोबर सीमेपलीकडे, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या गरीबपूरला गेले. 21 तारखेच्या सकाळी, धुक्यात, समोरून पाकिस्तानचे चॅफी रणगाडे आले. चॅफीही हलकाच रणगाडा, 75 मिलिमीटर तोफेचा. पातळ चिलखताच्या पिप्पांनी तो हल्ला मोडून काढला. त्या लढाईत स्क्वाड्रनचे, म्हणजे पिप्पांच्या तुकडीचे, प्रमुख मेजर दलजितसिंग नारग यांना वीरमरण आलं, त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं.

[दृश्य: पिरंगुटच्या पुढे एका ओढ्यावरचा बंधारा. सकाळ.]

काट्यावर शेवटचा आकडा तीन किलो 380.

पुतणीनं पाण्यातला वेगही मोजून ठरवलाय. लाटा खऱ्यासारख्या दिसायच्या तर पाण्यातला वेग सोळाव्या भागाचा ठेवून चालत नाही, चौथ्या भागाचा ठेवावा लागतो. सोळाचं वर्गमूळ. फ्राउडचा नियम, दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकातला. खरा पिप्पा पाण्यात ताशी दहा किलोमीटर जातो, म्हणून हा सेकंदाला सत्तर सेंटिमीटर.

फळी उभी. पट्टे चिखलात. नाक पाण्याला टेकतं.

[निवेदन थांबतं. पंख्यांची घरघर, पाण्याचा आवाज. मॉडेल बंधारा ओलांडतं. फळीपुढे लाट फुटते. काकांचा चेहरा.]

पलीकडच्या काठावर पट्टे जमिनीला लागतात. क्षणभर घसरतात, मग पकडतात. गाडी वर येते. मागच्या नळ्यांतून उरलेलं पाणी गळतंय. ओल्या मातीवर कड्यांचे ठसे उमटलेत, साडेबावीस मिलिमीटर रुंद.

[दृश्य: पुतणी काकांकडे बघते. ते गुडघ्यावर बसलेले.]

“मोटर बंद कर आधी. झाकण उघडू, आत थेंब आहे का बघू.”