फसलेल्या औषधाची दुसरी परीक्षा

श्रोतेहो, नमस्कार. इन्हेलर नियमित आणि योग्य पद्धतीने घेऊनही ज्यांचा दमा आटोक्यात येत नाही, ज्यांना वारंवार स्टिरॉइडच्या गोळ्यांचा आधार घ्यावा लागतो, अशा काही रुग्णांना आता मोनोक्लोनल अँटिबॉडीची, म्हणजे प्रयोगशाळेत तयार केलेल्या एकाच प्रकारच्या प्रतिपिंडांची, इंजेक्शने देता येतात. ही प्रतिपिंडे दाहाच्या साखळीतील एखादाच दुवा हेरून अडवतात. त्यांपैकी मेपोलिझुमॅबची कथा मला विशेष प्रिय आहे.

इंटरल्युकिन-५ या रेणूमुळे इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वाढतात आणि श्वासनलिकांना सूज आणतात. तेव्हा मेपोलिझुमॅबने तो रेणू अडवला की दमा ओसरेल, असा सरळ हिशेब होता. २००० साली सौम्य दम्याच्या रुग्णांवरील प्रयोग प्रसिद्ध झाला. इओसिनोफिल खरोखरच घटले होते, पण श्वासनलिकांच्या आकुंचनात फरक पडला नव्हता. २००७ साली तीनशेहून अधिक रुग्णांच्या चाचणीतही लक्षणे फारशी हलली नाहीत. औषध जवळजवळ निकालातच निघाले. (अपयशाचे असे निष्कर्ष छापले जातात, हे मला विज्ञानाचे मोठेपण वाटते, केवळ यशाचेच निबंध मिरवणाऱ्यांविषयी माझे मत फारसे बरे नाही.) मग इंग्लंडमधील लेस्टरच्या डॉक्टरांनी औषध तेच ठेवले आणि रुग्ण बदलले. उपचार घेऊनही ज्यांच्या थुंकीत इओसिनोफिल भरपूर आढळत होते आणि ज्यांना वारंवार तीव्र झटके येत होते, असेच ६१ रुग्ण त्यांनी निवडले. २००९ साली निकाल आला: औषध न मिळालेल्यांना वर्षाला सरासरी ३.४ तीव्र झटके, मिळालेल्यांना २.० झटके. कॅनडातील दुसऱ्या लहान अभ्यासाचा कौलही याच दिशेचा होता. २०१५ साली अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली.

म्हणूनच हे इंजेक्शन सुचवण्याआधी डॉक्टर रक्तातील इओसिनोफिल मोजून घेतात. आणखी एक गोष्ट, जी मी दोनदा सांगेन: हे इंजेक्शन अचानक आलेला झटका थांबवण्यासाठी नाही. झटक्याच्या वेळी तातडीचा इन्हेलरच हवा, हे इंजेक्शन नव्हे. नेहमीचा इन्हेलरही चालूच ठेवायचा असतो आणि स्टिरॉइडच्या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच कमी करायच्या असतात, कारण दीर्घकाळ घेतलेल्या गोळ्या एकाएकी बंद केल्यास शरीराचे स्वतःचे कॉर्टिसॉल हे नैसर्गिक स्टिरॉइड अपुरे पडून प्रकृती गंभीर होऊ शकते.