‘लुंतु’ म्हणणाऱ्या बाई

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. फळ्यावर विषय लिहिलाय, ‘वांका केचुआ का ओसरते आहे?’ केचुआ ही दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातली भाषा आणि वांका ही तिची एक बोली. त्याकडे येतेच. आधी मला अंडी विकणाऱ्या एका बाईंबद्दल सांगायचंय, कारण त्यांच्यामुळे मी या विषयात पडले.

पेरूमध्ये, लिमाच्या पूर्वेला, मांतारो नदीचं खोरं आहे. वांकायो हे तिथलं मोठं शहर, ३,२०० मीटरहून उंचावरचं. दर रविवारी तिथे बाजार भरतो. मी कुस्कोची, म्हणजे इंकांच्या जुन्या राजधानीची, केचुआ शिकून गेले होते, कारण पुस्तकं मिळतात ती बहुतेक कुस्कोचीच. एका कडेला या बाई बसल्या होत्या, टोपलीत गवतावर अंडी, शेजारी सात-आठ वर्षांची नात. मी विचारलं, ‘रुंतु’ कशी दिली? त्यांनी एक अंडं उचलून माझ्या तळहातावर ठेवलं. त्याला एक बारीकसं पीस चिकटलं होतं. म्हणाल्या, ‘लुंतु.’ मला इतका आनंद झाला की मी लगेच वही काढली. वही दिसली आणि बाई झटकन स्पॅनिशवर आल्या. ‘लिहू नका. आमचं बरोबर नसतं. बरोबर कुस्कोला बोलतात.’

हे मी आधी ऐकलं होतं, धुळ्याला, आमच्याच घरात. माझी आजी अहिराणी बोलायची. पुण्याचे पाहुणे आले की पाणी द्यायची आणि आत जायची. ते उठेपर्यंत बाहेर यायची नाही. का, विचारलं तर म्हणायची, आपलं बोलणं चांगलं नाही दिसत. त्यामुळे त्या बाईंचं वाक्य ऐकून मी तिथेच उभी राहिले. सोळा हजार किलोमीटरवर तेच वाक्य!

आता त्या ‘ल’बद्दल. वांका बोलीत जुन्या ‘र’चा ‘ल’ होतो. बोलणं म्हणजे कुस्कोत ‘रिमाय’, इथे ‘लिमाय’. बाई म्हणजे तिथे ‘वार्मि’, इथे ‘वाल्मि’. आपल्याकडे लहान मूल रामाला ‘लाम’ म्हणतं, म्हणून आपल्याला हे चटकन बोबडं वाटतं. हसलात ना? हसा. पण अशोकाचे पूर्वेकडचे शिलालेख आठवा. तिथे ‘राजा’ नाही, ‘लाजा’ आहे. सम्राटाच्या दरबारची मागधी ती! तीच मागधी पुढे शाकुंतलात कोळ्याच्या तोंडी येते. ध्वनी तोच, मान गेला. हे मी प्रत्येक व्याख्यानात सांगते आणि सांगत राहणार.

दुसरी गोष्ट तर मराठी माणसाला लगेच कळावी अशी आहे. ऱ्हस्व-दीर्घापायी आपण शाळेत छड्या खाल्ल्या. वांकात ‘वासि’ म्हणजे घर आणि ‘वासी’ म्हणजे माझं घर. शेवटचा स्वर लांबवला की वस्तू माझी झाली. ‘मी बोलते’ हेही तसंच, ‘लिमाय’च्या ‘लिमा’ या धातूतला शेवटचा ‘आ’ लांबवून. कुस्कोत त्यासाठी वेगळे प्रत्यय आहेत, ‘वासिय’ आणि ‘रिमानि’. आता स्पॅनिश लिपीत स्वराची लांबी दाखवायची सोयच नाही. स्पॅनिशवर तयार झालेल्या कानाला ‘घर’ आणि ‘माझं घर’ सारखंच ऐकू येतं. आपल्या देवनागरीत मात्र पहिली वेलांटी, दुसरी वेलांटी, झालं काम.

(आयोजकांची चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं.)

तर विषय. केचुआ ही इंकांची भाषा, कुस्को तिचं माहेर, बाकी सगळं बिघडलेलं, असं सर्रास बोललं जातं. भाषाशास्त्रज्ञ पार्कर यांनी १९६३ मध्ये आणि तोरेरो यांनी १९६४ मध्ये बोलींची जी विभागणी केली, तिनं हा समज मोडला. भाषेत सगळ्यात जुने फाटे दिसतात ते मध्य पेरूत, आणि वांका तिथली आहे. कुस्कोत ही भाषा नंतर पोचली. पण मान राजधानीला मिळतो. या खोऱ्यातल्या वांका लोकांना इंकांनी जिंकलं होतं, म्हणून ते पेरू जिंकायला आलेल्या स्पॅनिश पिसारोला मिळाले. त्यानं १५३४ मध्ये याच खोऱ्यात, हाउहा या गावी, राजधानी केली आणि पुढच्याच वर्षी ती किनाऱ्यावर लिमाला गेली. १५८४ मध्ये लिमात छापलेल्या धर्मपुस्तकाची केचुआही कुस्कोच्या वळणाची.

खरा घाव नंतरचा. १९०८ मध्ये रेल्वे वांकायोला पोचली. या खोऱ्यात मोठ्या जमीनदाऱ्या फारशा नव्हत्या. शेतकरी जमिनीचा मालक, लिमाचा बाजार जवळ, खाणीत रोजगार. माणसं वर चढायला लागली आणि त्या वाटेवर स्पॅनिश उभी होती. पेरूचे लेखक आणि मानववंशशास्त्रज्ञ आर्गेदास यांनी १९५०च्या दशकात या खोऱ्याचा अभ्यास करून हा बदल टिपला. म्हणजे इथे भाषा बरकतीत ओसरली, आणि म्हणूनच कुणाला ते नुकसान वाटलं नाही. १९७५ मध्ये केचुआला राजभाषेचा दर्जा मिळाला. १९७६ मध्ये सहा बोलींची व्याकरणं आणि कोश निघाले. त्यातलं वांका बोलीचं काम भाषाशास्त्रज्ञ सेर्रोन-पालोमिनो यांचं, ते स्वतः वांकायोचे. पुस्तक आलं तोवर हाउहा-वांकायोच्या रस्त्यांवरून बोली वरच्या गावांत सरकत चालली होती.

पुढच्या रविवारी मी परत गेले आणि वही पिशवीतच ठेवली. ‘लुंतु,’ मी म्हटलं. बाई हसल्या. तीन अंडी एकेक करून माझ्या हातात ठेवत मोजली, ‘हुक, इश्काय, किम्सा.’ मग नातीकडे वळल्या आणि सुटे पैसे द्यायला सांगितलं, स्पॅनिशमध्ये.